खापऱ्या वाजल्या की

नीसान २

"बेथ-नहराच्या नागरिकहो! तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. अंत्युखियाला, आपल्या राजधानीला, आपण दिसत नाही! तुमच्या अंगणात रोमचे घोडे बांधलेले आहेत, तुमच्या कोठारातला सातू ते खातात, आणि पर्शियन फौजेची धूळ दिसली की सगळ्यांत आधी तेच घोडे अंत्युखियाच्या वेशीत जाऊन उभे राहतात!"

आज दुपारी गाडीतून उतरल्या उतरल्या चौकातल्या कारंज्याच्या कट्ट्यावर चढून मी एवढंच बोललो आणि हे शहर माझं झालं. लोक हसले, ओरडले. एका म्हातारीने माझ्या गळ्यात सुक्या अंजिरांची माळ घातली. अंत्युखियात इतकी वर्षं मी घसा फोडला, पण तिथे आधी बाप कोण ते विचारतात आणि मग आवाज ऐकतात. इथे नगरसभेने मला आपणहून बोलावून घेतलं. सणाला भाषण, पाहुण्याच्या स्वागताला भाषण, उरलेल्या वेळात मुलांना वक्तृत्व शिकवायचं. याहून जास्त माणसाला काय हवं?

मला बोलावण्यामागे अब्सलामा आहे. नगरसभेतला सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत गोड माणूस. त्याने आम्हाला नदीदरवाज्याला लागून असलेलं आपलं घर राहायला दिलंय. गच्चीवरून तट दिसतो, तटाबाहेर बोरूचं दाट बन आणि त्यापलीकडे नदी. तो म्हणाला, गुरुजी, हे शहर बोलण्याचं भुकेलं आहे, पोटभर वाढा.

शल्मथने, म्हणजे माझ्या बायकोने, चुलीची जागा पाहिली, विहिरीचं पाणी चाखलं आणि म्हणाली, अहो, गळ्यातली माळ काढा आता, ती खायची आहे.

नीसान ६

या घराचा एकच दोष. रोज पहाटे गाड्या आणि गुरं आत घ्यायला नदीदरवाजा थोडा वेळ उघडतात, तेव्हा त्याच्या बिजागऱ्या अशा किंचाळतात की मेलेला माणूस उठून बसावा. दरवाज्याचा रखवालदार गद्दाय नावाचा म्हातारा आहे. त्याची गंमत वाटते. म्हणाला, गुरुजी, हा दरवाजा तुमच्याच जातीचा, सगळ्या गावाला उठवतो आणि वर शिव्या खातो.

शहराचे बाकीचे दोन दरवाजे रोमन सैनिकांकडे आहेत. हा एक मात्र नागरिकांचा. जुन्या कुठल्या सम्राटाने तसा मान दिलाय, आणि त्या मानाबद्दल इथली शेंबडी पोरंसुद्धा छाती फुगवून बोलतात.

दाढी करायला कूमी न्हाव्याकडे गेलो होतो. त्याने मला इथल्या टाळ्यांचं शास्त्र समजावलं. सपाट हाताची टाळी म्हणजे आलात, बरं झालं. पोकळ हाताची टाळी म्हणजे आवडलं. आणि खऱ्या खापऱ्या! वसंताच्या सणाला प्रत्येक जण कमरेला दोन खापऱ्या बांधून नाट्यगृहात येतो. वक्त्याने जीव ओवाळून टाकावा असं भाषण केलं तरच त्या एकमेकींवर आपटतात. सगळ्या नाट्यगृहाच्या खापऱ्या वाजल्या की तो आवाज नदीदरवाज्यापर्यंत जातो आणि रखवालदार भरदुपारी दोन्ही फळ्या सताड उघडतो. वक्त्याला खांद्यावर घेऊन लोक नदीवर जातात, त्याला नदीचं पाणी पाजतात. याला म्हणतात कंठस्नान.

कूमी म्हणाला, कित्येक वर्षं झाली, खापऱ्या वाजल्याच नाहीत हो. मागच्या सणाला अपामियाहून एक जण आणला होता. तो उभा राहिला आणि माझी बायको झोपली. तिला रात्र रात्र झोप लागत नाही, त्यामुळे तिने त्याला फार दुवा दिला.

या वेळी वाजतील, मी म्हणालो. वस्तऱ्याखाली मान असतानासुद्धा म्हणालो.

नीसान १७

शिकायला येणारी मुलं बरी आहेत. शहर चांगलं आहे. पण एक गोष्ट खटकायला लागली आहे.

आज बाजारात कोळ्याने मला नासका मासा दिला. मी चिडलो आणि त्याला चार शब्द सुनावले. बघता बघता गर्दी जमली. मला वाटलं, माझी बाजू घ्यायला आले. छे! ऐकायला आले होते. माझं संपल्यावर सपाट हाताच्या टाळ्या पडल्या. एक जण म्हणाला, संताप अस्सल होता. दुसरा म्हणाला, हो, पण शेवटी डावा हात जरा जास्त हलला. कोळी स्वतः टाळ्या वाजवत होता. मासा मात्र बदलून दिला नाही.

शल्मथ इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. पण नंतर वाटलं, माणूस जे बोलतो ते त्याला म्हणायचं असतं, ही साधी गोष्ट या लोकांना ठाऊकच नाही का?

नीसान २५

आज पहाटे जाग आली नाही. उठलो तर ऊन अंगणात. दरवाजा उघडून, बंद होऊन, सगळं झालं होतं, आणि आवाज म्हणून नाही.

खाली गेलो. बिजागऱ्यांना मेंढीची चरबी चोपडलेली होती, बोटाला लागेल इतकी जाड. गद्दाय तोंड पाडून बसला होता. म्हणाला, मी नाही केलं. इतकी वर्षं तेल मागतोय तर सभा म्हणते, पुढच्या वर्षी बघू. आणि आता अब्सलामाशेठची माणसं आली, चोपडून गेली. तुम्हाला खरं सांगू का गुरुजी, किंचाळणारा दरवाजा हाच राखणदार असतो. त्याचंच तोंड बांधलं की हो.

गल्लीतल्या बायका अब्सलामाला दुवा देत होत्या. मी गद्दायचं म्हणणं दोघातिघांना सांगून पाहिलं. वाक्य छान आहे, म्हणाले.

इय्यार १

गद्दायला काढलं. वय झालं म्हणे. त्याच्या जागी चार तरणे लोक आलेत. युद्धात जळालेल्या तेल-हवार गावचे निर्वासित, अब्सलामाने आसरा दिलेले. नम्र आहेत, जड भांडी उचलू लागतात, शल्मथला वहिनी म्हणतात.

त्यांची शेगडी विझत आली होती. आपण काय करू? वाकून फुंकर घालू. त्यांच्यातल्या एकाने तोंडावर कापड धरलं आणि पंख्याने निखारे फुलवले. अग्नीला श्वासाचा विटाळ होऊ न देणारी माणसं मला ठाऊक आहेत. ती नदीपलीकडची, पर्शियन असतात.

शल्मथला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, रेशमाचे निम्मे व्यापारी तसंच करतात, आपल्या ताटात जेवून गेलेत, त्यांत वाईट काय आहे? अग्नीला मान देतो म्हणून माणूस शत्रू होतो का? बरोबर होतं तिचं. 

संध्याकाळी तीच माझ्याजवळ येऊन बसली. तिची मावशी तेल-हवारला दिलेली होती. तिने त्या चौघांना सहज विचारलं होतं, गावाच्या देवळातल्या तळ्यातले मासे वाचले का हो? चौघेही हसून म्हणाले, हो वहिनी, सगळे वाचले.

तेल-हवारला तळं नाही. प्यायचं पाणीसुद्धा तिथे गाढवावरून आणतात.

इय्यार ३

गद्दायला सगळं सांगितलं. तो खवळला. म्हणाला, मी या दरवाज्यापाशी जन्माला आलो, उद्या सभेत जाऊन कमरेचं सोडून ओरडतो. तुम्ही नका बोलू गुरुजी. तुमच्या बोलण्याला लोक टाळ्या वाजवतात, माझ्या बोलण्याला शिव्या देतात, म्हणजे निदान ऐकतात तरी.

इय्यार ५

गद्दाय सभेत पोचलाच नाही. आज कोळ्यांच्या जाळ्यात सापडला.

मी पाहिलं. तोंड उघडं होतं आणि ते नदीच्या चिकणमातीने ठासून भरलेलं होतं, दातांच्या मागेपर्यंत, कुणीतरी अंगठ्याने दाबून दाबून भरावं तसं. मातीवर बोटांचे ठसे होते. मी ओरडलो, हे ठसे बघा. लोक म्हणाले, दारू पिऊन पडला असेल, गाळात तोंड खुपसलं असेल. नोकरी गेली होती बिचाऱ्याची. पोकळ हातांनी कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या दुःखाला!

त्या चौघांनी तिरडीला खांदा दिला.

इय्यार ६

सभेत बोललो. अलंकार एक नाही, उपमा एक नाही. घसा दाबून, हात मांडीखाली घेऊन, कारकुनासारखं बोललो. बिजागऱ्यांना चरबी लावली. जुना रखवालदार काढला. तो मेला, तोंडात माती ठासलेली होती. नवे रखवालदार सांगतात त्या गावचे नाहीत. सणाला सगळं शहर नाट्यगृहात असेल, खापऱ्या वाजतील आणि हा दरवाजा सताड उघडेल. या वर्षी तो उघडू नका. बाकी काही मागत नाही. तो दरवाजा दगडांनी चिणून घ्या.

 मग सपाट टाळ्या. मग पोकळ. अध्यक्ष डोळे पुसत होता. म्हणाला, मालखोस, हा नवा साधेपणा, हे हात बांधून बोलणं! अंत्युखियात हल्ली अशी पद्धत आहे का? एकच सुचवतो. मातीने भरलेलं तोंड फार लवकर आणलंत, ते शेवटाला ठेवा.

मी म्हणालो, हे खरं आहे. तो म्हणाला, तेच तर, अगदी खरं वाटतं.

अब्सलामा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर माया होती. खरीखुरी माया. तिचीच मला जास्त भीती वाटली.

घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं. माणसाने मूक असावं, बहिरं असावं, पण ज्याचं बोलणं सगळ्यांना आवडतं असा माणूस असू नये.

इय्यार ७

रोमन शताधिपती नुमेरियसकडे गेलो. तो ऑलिव्ह खात होता. बिया थुंकत म्हणाला, नदीदरवाजा आमच्याकडे नाही. तुमच्याच आज्यापणज्यांनी भांडून तो मान घेतलाय, आता भोगा. मी सैनिक पाठवले तर तुमची सभा सम्राटाकडे तक्रार करेल. शिवाय आल्या दिवशी कारंज्यावर चढून आमच्या घोड्यांबद्दल कोण काय बोललं तेही कानावर आलंय माझ्या. तेव्हा आमच्या घोड्यांना शिव्या, आणि आता आमचेच घोडे हवेत?

मी मागे वळलो. निघताना त्याने विचारलं, सणाला पुढच्या ओळीत जागा मिळेल का? सैनिकांनाही आणतो. ऐकलंय, तुम्ही फितुरीवर फार सुंदर बोलता.

इय्यार ९

अब्सलामा घरी आला. खजूर आणले होते. शल्मथने ते हातात घेतले नाहीत.

सणाच्या भाषणाचा विषय ठरवण्याचा मान यंदा त्याचा आहे. त्याने विषय सांगितला. *एका शहरात फितुरी झाली आहे. एक परका वक्ता नागरिकांना जागं करतो.*

मला समजायला क्षणभर वेळ लागला.  आता मी काहीही बोललो तरी तो विषयच असणार. मी फितूर म्हणून त्याचं नाव घेतलं तरी लोक म्हणतील, वा, काय धीट कल्पना.

मी विचारलं, का? त्याने काहीही लपवलं नाही. खजुराची बी हातात फिरवत शांतपणे बोलत राहिला. रोमन घोड्यांसाठी त्याच्या वडिलांची जमीन काढून घेतली. म्हातारा दाद मागायला छावणीत गेला, तर त्याला फटके मारले. तो रांगत घरी आला. तेव्हापासून अब्सलामा वाट पाहतोय. तो म्हणाला, गुरुजी, कारंज्याच्या कट्ट्यावरून तुम्ही जे बोललात तेच मी करतोय. फरक एवढाच की तुम्ही बोलून घरी जेवायला गेलात.

मी म्हणालो, मी रोमला शिव्या दिल्या, माझ्या शेजाऱ्यांचे गळे कापायला नाही सांगितलं! तुझ्या बापावर अन्याय झाला तो छावणीत झाला, कूमी न्हाव्याने केला नाही, अंजिरं विकणाऱ्या म्हातारीने केला नाही. अन्यायाची आग आहे तर ती घेऊन छावणीत जा, माणसासारखा समोरून जा! शहराच्या पाठीत सुरी कसली खुपसतोस?

त्याने ऐकून घेतलं. आणि मग, माझ्याच घरात, एकटाच बसून, सावकाश पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणाला, हेच. असंच बोला त्या दिवशी.

इय्यार १०

बोलायचं नाकारतो म्हणून अब्सलामाला निरोप पाठवला. उत्तर आलं, हरकत नाही, सणाला उचलून नेऊ, तोवर गल्ली सोडू नका. घराबाहेर आता त्या चौघांतले दोघे बसलेले असतात. शल्मथ पाण्याला गेली तर एक जण मागून घडा धरतो. वहिनी, जपून, म्हणतो.

गच्चीवरून पाहिलं. बोरूच्या बनावर बगळ्यांचा थवा उतरायला आला, उतरता उतरता वर उठला आणि निघून गेला. दुसरा आला. तोही.

इय्यार ११

कूमी दाढीला घरी आला. मी त्याचा हात धरला. वस्तरा माझ्या गळ्याला लागला तरी सोडला नाही. कूमी, तुझ्या बायकोची शपथ, मी नाटक करत नाही. बनात माणसं आहेत. बघ, पक्षी बसत नाहीत.

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, एक तरी! एक तरी माणूस जागा झाला!

तो म्हणाला, गुरुजी, पक्ष्यांचं हे नवीन घातलंत ना? अंगावर काटा आला बघा. मी दोन खापऱ्या नव्या करून घेतल्यात, चांगल्या भाजलेल्या. नुसत्या बोटाने वाजवल्या तरी घंटेसारख्या वाजतात.

ज्या शहराला आपलं मरणसुद्धा रंगवून सांगितलेलं आवडतं, त्याला कुणी कसं वाचवायचं? मुठी आवळून बसलोय. रडू येत नाही. राग येतो. नुसता राग.

इय्यार १३

शल्मथने तोड काढली. म्हणाली, खापऱ्या वाजल्या तरच दरवाजा उघडतो ना? पहाटे उघडतो तेव्हा सगळे सैनिक जागेवर असतात, आणि एरवी मधेच उघडायला गेले तर तटावरचा रोमन पहारेकरी शिंग फुंकेल. खापऱ्यांनंतर मात्र कुणालाच संशय येणार नाही. म्हणजे खापऱ्या वाजल्या नाहीत की झालं. तुम्ही नुसतं वाईट बोला.

मी म्हणालो, वाईट?

ती म्हणाली, वाईट बोलायला काय लागतं? घरी तर रोज बोलता.

किती दिवसांनी हसलो. ती गल्लीतल्या बायकांना घेऊन दरवाज्याच्या कमानीत धुणं धुवायला बसणार आहे. चिंब कपड्यांच्या ढिगातून फळी लवकर सरकत नाही, म्हणाली. मी तिला जाऊ नको म्हणालो. ती म्हणाली, तुम्हाला बोलायचं नाहीये, एवढंच काम आहे उद्या तुमचं. ते नीट करा. दरवाजा मी बघते.

इय्यार १४, सकाळ

न्यायला आले आहेत. शल्मथ धुण्याची टोपली घेऊन पुढे गेली. मागे वळून पाहिलं नाही. तिला तशी सवय नाही.

गप्प राहायचं. घोगरं बोलायचं. अडखळायचं. चुकायचं. मला जमेल. जमलंच पाहिजे.

इय्यार १४

रंगमंचाच्या खाली आहे. मुखवटे ठेवतात ती जागा. उजेड फळ्यांच्या फटींतून. अक्षर लागेल का कुणास ठाऊक —

लिहून ठेवतो. झालं ते असं.

उभा राहिलो. एक शब्द बोललो नाही. सगळं शहर समोर — नुमेरियस, त्याचे सैनिक, कूमी, त्याची बायको. शिट्ट्या झाल्या. कुणी ओरडलं, अपामियावाला परत बोलवा रे! मला आनंद झाला. अजून राग यावा म्हणून मी पाठ फिरवली. लोकांकडे पाठ! इथे याहून मोठा अपमान नाही.

आणि पाठ फिरवली म्हणून मधल्या कमानीतून मला तट दिसला. तटापलीकडे बन. तटावरचा पहारेकरी बनाकडे पाठ करून नाट्यगृहाकडे बघत होता.

वाऱ्याचा मागमूस नव्हता आणि बन हललं. मग सगळं बन उभं राहिलं. बोरूच्या जुड्या अंगाला बांधलेली माणसं. रांगांमागे रांगा. आवाज नाही. सगळे दरवाज्याकडे बघत थांबलेले. वाट बघत —

दरवाज्याशी शल्मथ होती.

मला गप्प राहायचं होतं. देवा बेल, तुला ठाऊक आहे, मला गप्प राहायचं होतं. पण घशातून आपोआप — मी गर्रकन वळलो आणि ओरडलो. आले! आले, उठा, ते बनातून उठले, उठा रे, माझी बायको तिथे आहे! गुडघ्यांवर पडलो. कपडे फाडले. आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

पुढच्या ओळीत कुणीतरी कमरेची गाठ सोडली.

मग खापऱ्या.

सगळ्यांच्या. एकदम. आभाळ फुटावं तशा. कूमी रडत होता आणि वाजवत होता. नुमेरियस उभा राहून वाजवत होता. मी थांबा, थांबा म्हणत होतो आणि मी थांबा म्हणेन तसा आवाज वाढत होता. त्या आवाजात दरवाजा उघडला. चरबी लावलेला. गुपचूप.

पर्शियन वरच्या पायऱ्यांवर आले तेव्हा खालचे अजून वाजवत होते. तेही भाषणातलंच वाटलं असेल त्यांना —

मी फळी उचलून खाली उतरलो. दरवाज्याकडे जायला हवं होतं. गेलो नाही. सगळे रस्ते —

थोड्या वेळाने

वर आता खापऱ्या नाहीत. दुसरेच आवाज आहेत. फटीतून काहीतरी ठिबकतंय, ते पानावर पडू नये म्हणून पाठ वाकवून लिहितोय.

अब्सलामा वर आहे. माझ्या डोक्यावर. दुभाष्यामार्फत कुणाशी तरी बोलतोय. ऐकू येतंय. अंत्युखियाला जाणार आहे. फाटक्या कपड्यांत, अंग थोडं भाजून घेऊन, निर्वासित होऊन. म्हणतो, बेथ-नहराहून जीव वाचवून आलो म्हटलं की ते दार उघडतील. आपल्याला फक्त बोलणारा हवा. रडवणारा.

मला शोधताहेत.

हाका मारतोय. गुरुजी, कुठे आहात? घाबरू नका हो. कसं बोललात! गुरुजी, वहिनी इथे आहेत. माझ्यासोबत. सुखरूप आहेत. त्यांना बोलायला सांगू?

खोटं असेल. खोटं असू दे —

तिचा आवाज. तिचाच. म्हणाली, अहो, येऊ नका. पुढे काही — तोंडावर हात ठेवला असेल कुणीतरी. हात की माती —

मी जाणार. मला ठाऊक आहे मी जाणार. ती त्यांच्याकडे आहे म्हटल्यावर मी काहीही बोलेन. आणि उत्तम बोलेन. मला वाईट बोलता येत नाही, ते आज सगळ्यांनी पाहिलंय.

फळ्या उचलताहेत. पलीकडच्या टोकाकडून. एक एक. ही पानं भिंतीच्या फटीत ढकलतो, पलीकडे गटार आहे, वाहून कुणाच्या तरी हाती —

अंत्युखियाच्या नागरिकहो! तुमच्या वेशीशी काही फाटके लोक येतील. त्यांच्यात मी असेन. माझं अंग भाजलेलं असेल, मी माझ्या बायकोचं नाव घेऊन हंबरडा फोडेन आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. मला आत घेऊ नका. अडसर घाला, दार लावून घ्या आणि मी कितीही —